आपल्याच वकिलावर दावा

वकिलाच्या हयगयीमुळे पक्षकाराचे नुकसान झाले, तर त्या वकिलावर नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. हा हक्क सर्वच वकिलांविरुद्ध भारतात १९२६ पासून आहे. त्या वर्षी झालेल्या ‘लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) अ‍ॅक्ट’ या छोट्याशा कायद्याच्या पाचव्या कलमानुसार, ज्या वकिलाने काम पाहिले किंवा पाहायचे कबूल केले, तो निव्वळ वकील आहे म्हणून व्यवसायातल्या हयगयीच्या दाव्यातून सुटत नाही. कायदा इतका जुना आणि इतका स्पष्ट असूनही सांताक्रूझसारख्या उपनगरात त्याची माहिती असलेला माणूस क्वचित भेटतो. ‘वकील तारखेला गेलाच नाही’, ‘मुदत निघून गेल्यावर कळलं’, ‘फाइल परत देत नाही’ या तक्रारी मात्र सोसायटीच्या आवारापासून कोर्टाच्या व्हरांड्यापर्यंत ऐकू येतात. त्यातल्या कोणत्या तक्रारीला कायद्यात जागा आहे आणि कोणत्या दाराने जायचे, हे ठाऊक नसल्यामुळे बहुतेक जण हळहळून गप्प बसतात.

१९२६ च्या कायद्याला मुंबईच्या कोर्टांची पार्श्वभूमी आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत वकिलीचे काम दोघांत वाटलेले असे. सॉलिसिटर पक्षकाराला भेटे, हकीकत ऐके, कागद तयार करी. न्यायाधीशांपुढे उभा राही तो बॅरिस्टर. बॅरिस्टरची फी हा मोबदला न समजता मानधन समजले जाई. त्यामुळे फी बुडाली तरी त्याला दावा लावता येत नसे, आणि त्याच न्यायाने काम बिघडले तरी त्याच्यावर दावा लागत नसे. सॉलिसिटरला आणि जिल्ह्याच्या कोर्टांतल्या वकिलांना हे कवच नव्हते. १९२६ च्या कायद्याने दोन्ही बाजू एकदम मोकळ्या केल्या: वकिलाला फीसाठी दावा करता येईल, आणि पक्षकाराला हयगयीसाठी. पुढे १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने देशभर वकिलांचा एकच वर्ग केला. मुंबईतली सॉलिसिटर-बॅरिस्टर ही विभागणी त्यानंतरही काही वर्षे टिकली आणि १ जानेवारी १९७७ पासून कायद्याने संपली. सॉलिसिटरची परीक्षा आणि बिरुद मुंबईत आजही आहे, पण जबाबदारीच्या दृष्टीने आता फरक उरलेला नाही.

ज्या इंग्लंडकडून ही पद्धत आली, तिथे कोर्टात उभे राहून केलेल्या कामाबद्दल बॅरिस्टरला असलेले संरक्षण हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘रॉन्डेल विरुद्ध वर्स्ली’ या खटल्यात १९६७ मध्ये पुन्हा उचलून धरले. ते निघाले २००० साली, ‘हॉल विरुद्ध सिमन्स’च्या निकालाने. कागदावर तरी भारतातला पक्षकार इंग्लंडमधल्या पक्षकाराच्या चौऱ्याहत्तर वर्षे पुढे होता.

दावा हरणे म्हणजे वकिलाची हयगय नव्हे. प्रत्येक दाव्यात एक बाजू हरतेच. वैद्यकीय हयगयीवरच्या ‘जेकब मॅथ्यू’ निकालात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच व्यवसायांची कसोटी सांगताना वकिलाचे उदाहरण घेतले आहे: कोणताही वकील पक्षकाराला जिंकण्याची हमी देत नाही, त्या व्यवसायात लागणारे कौशल्य आपल्याकडे आहे आणि ते आपण वाजवी काळजीने वापरू, एवढेच तो गृहीत धरायला लावतो. सामान्य कुवतीचा, जबाबदार वकील त्या परिस्थितीत काय करील, ही मोजपट्टी. कोणता साक्षीदार तपासायचा, उलटतपासणी किती ताणायची, तडजोडीचा सल्ला द्यायचा की लढायचे, या गोष्टी तारतम्याच्या आहेत. मागाहून चुकीचा ठरलेला निर्णयही त्या वेळी वाजवी असू शकतो.

मुदतीचे तसे नाही. मुदत कायद्यात आकड्यांनी लिहिलेली असते आणि ती पाळणे हे वकिलाचे पहिले काम. चेक न वटल्याचा शेरा बँकेकडून आल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे. ती पोचल्यावर पैसे द्यायला पंधरा दिवस. ते संपल्यापासून एका महिन्यात फौजदारी तक्रार. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत द्यायची, कोर्टाने वाढवले तर नव्वद. व्यापारी दाव्यात एकशे वीस दिवसांनंतर ती घेतलीच जात नाही. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याचा अर्ज तीस दिवसांत. लवादाच्या निवाड्याला आव्हान तीन महिन्यांत आणि फार तर वर आणखी तीस दिवस. काही मुदतींना कोर्ट कारण पाहून माफी देते, काहींना देता येतच नाही. मुदत चुकली हे तारखांवरूनच सिद्ध होते. म्हणून वकिलाविरुद्धच्या दाव्यांत सर्वांत भक्कम पाया याच चुकीचा असतो. त्याखालोखाल येतात पक्षकाराची लेखी संमती न घेता केलेली तडजोड, दोन्ही बाजूंशी असलेला संबंध लपवणे, काम सोडल्याची नोटीस न देता गैरहजर राहणे, आणि मिळकतीचा शोध न घेताच ‘टायटल स्वच्छ आहे’ असा अहवाल देणे. तडजोडीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या ‘हिमालयन को-ऑपरेटिव्ह ग्रुप हाउसिंग सोसायटी’ निकालात बजावले आहे की वकील हा पक्षकाराच्या विश्वासावर काम करणारा प्रतिनिधी आहे. त्याने स्पष्ट सूचना नसताना पक्षकाराचा हक्क सोडून देऊ नये.

सांताक्रूझच्या रहिवाशाला या चुकांचा धोका जास्त का, हे नकाशा पाहिला की समजते. पागडीच्या खोलीचा वाद वांद्र्याच्या लघुवाद न्यायालयात चालतो. घटस्फोटासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातले कुटुंब न्यायालय आणि बिल्डरविरुद्धच्या तक्रारीसाठी त्याच संकुलातले महारेरा गाठावे लागते. सोसायटीशी भांडण झाले तर सहकार न्यायालय, चेकचा खटला दंडाधिकाऱ्यांपुढे, मिळकतीचा दिवाणी दावा दिंडोशीला, अपील फोर्टला. बहुतेक कुटुंबांचा वकील एकच असतो आणि एकाच सकाळी त्याची दोन-तीन ठिकाणी नावे पुकारली जातात. एका कोर्टात तो उभा असताना दुसऱ्या कोर्टात ‘प्रतिवादी गैरहजर’ असा शेरा पडतो. त्यात सांताक्रूझ पूर्वेला वाकोला, कालिना, गोळीबार या भागांत जुन्या इमारती, चाळी आणि झोपडपट्ट्यांच्या पुनर्विकासाचे करार चालू आहेत. विमानतळाच्या फनेल झोनमुळे इमारतींच्या उंचीवर बंधने असल्याने कित्येक योजना अडकतात आणि करारांचे वाद कोर्टात जातात. वकिलाच्या एका ओळीच्या चुकीने इथे कोणाचे राहते घर जाऊ शकते.

हयगय सिद्ध झाली म्हणजे दावा जिंकला असे मात्र नाही. वकिलाविरुद्धच्या दाव्याची खरी अडचण तिसऱ्या पायरीवर आहे. पहिली पायरी: तो आपला वकील होता, म्हणजे काळजी घेणे त्याचे कर्तव्य होते. दुसरी: ती त्याने घेतली नाही. तिसरी: त्याच चुकीमुळे नुकसान झाले, चूक झाली नसती तर निकाल वेगळा लागला असता. हे दाखवण्यासाठी मूळ दावा जणू पुन्हा चालवावा लागतो. दाव्याच्या पोटात दुसरा दावा.

समजा, सांताक्रूझमधल्या एका भाडेकरूवर घरमालकाने थकलेल्या भाड्यासाठी खोली रिकामी करण्याचा दावा लावला. वकील चार तारखांना गेला नाही, एकतर्फी हुकूमनामा झाला, खोली गेली. हयगय उघड आहे. पण वकिलाविरुद्धच्या दाव्यात न्यायाधीश विचारतील: भाडे खरोखर थकले होते का? कायद्याने दिलेल्या नोटिशीच्या मुदतीत, किंवा नंतर कोर्टात, ते भरण्याची तयारी होती का? भाडे भरल्याच्या पावत्या असतील, तर खोली वकिलामुळे गेली. पावत्या नसतील आणि थकबाकी खरी असेल, तर हजर राहूनही वकील ती वाचवू शकला नसता. मग भरपाई नाममात्र.

दुसरे उदाहरण चेकचे. वकिलाने नोटीस पस्तिसाव्या दिवशी पाठवली. या मुदतीला माफी नाही, म्हणजे त्या चेकवरची फौजदारी तक्रार गेली. पक्षकाराला वाटते, पूर्ण रक्कम बुडाली. कायद्याच्या हिशेबात तसे नाही, कारण त्याच रकमेसाठी दिवाणी दावा तीन वर्षांपर्यंत लावता येतो. वकिलाच्या चुकीने गेला तो फौजदारी खटल्याचा दबाव आणि वेळ. आणि त्याच वकिलाने तीन वर्षेही वाया घालवली, तरच पूर्ण रकमेचा प्रश्न उभा राहतो. तेव्हाही चेक देणाऱ्याकडून पैसे वसूल झाले असते का, हे पाहिले जाईल. दिवाळखोर माणसाविरुद्धचा हुकूमनामा हुकलेल्या पक्षकाराचे फारसे काही बुडालेले नसते.

म्हणून दावा लावण्याआधी मूळ प्रकरणातच दुरुस्ती होते का, हे पाहणे शहाणपणाचे. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला शक्यतो होऊ नये, असा कोर्टांचा कल आहे. ‘रफिक विरुद्ध मुन्शीलाल’ या १९८१ च्या निकालात वकील गैरहजर राहिल्यामुळे फेटाळलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा जिवंत केले, आणि खर्चाचे २०० रुपये गैरहजर राहिलेल्या वकिलाकडून वसूल करायला सांगितले. वकिलांच्या संपामुळे एकतर्फी निकाल लागलेल्या ‘रेमन सर्व्हिसेस’ प्रकरणात (२०००) न्यायालयाने वकिलाला खर्चाचा वाटेकरी केले. पण या सवलतीला मर्यादा आहे. १९९३ च्या ‘सलिल दत्त’ निकालानंतर पक्षकाराला नुसते ‘सगळे वकिलावर सोपवले होते’ म्हणून सुटता येत नाही. शिकलेला, शहरात राहणारा माणूस आपल्या दाव्याची वर्षानुवर्षे चौकशी करत नसेल, तर त्याचीही हयगय मोजली जाते. दिवाणी कोर्टाचा रोजनामा आता ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक घालून घरबसल्या पाहता येतो. त्यामुळे ‘कळलंच नाही’ हे म्हणणे पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे.

दिवाणी दाव्याहून वेगळा मार्ग म्हणजे बार कौन्सिल. बहुतेक तक्रारदार आधी तिथेच जातात, कारण खर्च थोडा आणि मनातला राग वकिलावर असतो. महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलचे कार्यालय फोर्टला आहे. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली तक्रारीत तथ्य दिसले, तर ती तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला ताकीद देऊ शकते, काही काळ त्याची वकिली थांबवू शकते किंवा सनदेच्या यादीतून नाव कायमचे काढू शकते. एका वर्षात निकाल लागला नाही, तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. पुढचे अपील साठ दिवसांत तिथे, आणि त्यानंतर साठ दिवसांत सर्वोच्च न्यायालयात. या साऱ्या वाटचालीत एक गोष्ट समितीच्या हातात नाही: पक्षकाराला नुकसानभरपाई देणे. शिस्तपालनाची कारवाई व्यवसायाची प्रतिष्ठा राखण्यासाठी असते. पक्षकाराच्या खिशात त्यातून पैसे येत नाहीत.

शिवाय समितीपुढचा प्रश्न निराळा असतो. तिथे हयगयीहून वेगळे असे ‘गैरवर्तन’ सिद्ध करावे लागते. हा फरक पुण्याच्या एका प्रकरणाने पक्का केला. ‘पांडुरंग दत्तात्रय खांडेकर विरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र’ या १९८३ च्या निकालात दोन वकिलांवर पक्षकारांना चुकीचा सल्ला दिल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि सांगितले की चुकलेला सल्ला आणि गैर हेतूने दिलेला सल्ला यांत अंतर आहे. नैतिक अधःपतन नसलेली नुसती हयगय म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन नव्हे. पक्षकाराने हे वाक्य नीट समजून घ्यायला हवे. ज्या प्रामाणिक चुकीसाठी बार कौन्सिल वकिलाला शिक्षा करणार नाही, त्याच चुकीसाठी दिवाणी कोर्ट भरपाई देऊ शकते.

पैशाच्या अफरातफरीत मात्र शिस्तपालनाचा हात कडक असतो. ‘जे. एस. जाधव विरुद्ध मुस्तफा हाजी मोहम्मद युसूफ’ या मुंबईच्या प्रकरणात हुकूमनाम्याची पक्षकाराची रक्कम वकिलाने दिली नाही. सनदेवरून नाव काढण्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये कायम ठेवली. फाइल अडवून ठेवणे हेही गैरवर्तनच. ‘आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा’ (२०००) या निकालाप्रमाणे थकलेल्या फीपोटी वकिलाला पक्षकाराचे कागद गहाण ठेवल्यासारखे धरून ठेवता येत नाहीत. फीसाठी त्याने वेगळा दावा करावा. आजही ‘आधी फी, मग फाइल आणि एनओसी’ असे ऐकून गप्प बसणाऱ्या प्रत्येक पक्षकाराला हा निकाल ठाऊक असायला हवा.

बार कौन्सिलकडे कोणाविरुद्ध जायचे, यालाही अलीकडे बांध पडला आहे. ‘बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा विरुद्ध राजीव नरेशचंद्र नरुला’ या सप्टेंबर २०२५ च्या निकालात तक्रार विरुद्ध पक्षाच्या वकिलावर होती. तक्रारदार त्याचा पक्षकार कधीच नव्हता. अशी तक्रार समितीकडे पाठवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने राज्य बार कौन्सिललाच ५०,००० रुपयांचा खर्च भरायला लावला. गैरवर्तनाच्या तक्रारीला साधारणपणे वकील-पक्षकार हे नाते हवे. समोरच्याच्या वकिलाने आपल्याला हरवले, ही तक्रार होऊ शकत नाही.

सामान्य माणसाला सगळ्यांत सोयीचे तिसरे दार होते ग्राहक मंचाचे. डॉक्टर १९९५ मध्ये ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निकालाने ग्राहक कायद्याखाली आले होते; मग वकील का नाहीत? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ऑगस्ट २००७ मध्ये ‘वकीलही येतात’ असा निकाल दिला. प्रकरण दिल्लीचे आणि रक्कम लहान होती: न वटलेल्या २०,००० रुपयांच्या चेकच्या वसुलीसाठी नेमलेल्या वकिलाने समोरच्याकडून मिळालेले पैसे पक्षकारापर्यंत पोचवले नाहीत, अशी तक्रार. आयोगाच्या निकालाला पुढच्याच वर्षी स्थगिती मिळाली आणि अंतिम निर्णयाला सोळा वर्षे लागली. १४ मे २०२४ रोजी ‘बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी’ या निकालात न्यायमूर्ती बेला त्रिवेदी आणि न्यायमूर्ती पंकज मिथल यांच्या पीठाने ठरवले की वकिलाची सेवा ही व्यक्तिगत सेवेच्या करारात मोडते. वकील कसे काम करील यावर पक्षकाराचे थेट नियंत्रण असते, तो त्याच्या सूचनांबाहेर जाऊ शकत नाही. म्हणून ग्राहक कायदा त्याला लागू नाही. व्यावसायिकांवर हयगयीचा दिवाणी दावा किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, असा याचा अर्थ नव्हे, हेही पीठाने स्पष्ट केले. डॉक्टरांबद्दलच्या १९९५ च्या निकालाचा फेरविचार व्हावा अशी सूचना त्यात होती. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ती अनावश्यक ठरवली.

‘पक्षकाराचे थेट नियंत्रण’ हा निकालाचा कणा आहे, आणि तोच सर्वांत दुबळा वाटतो. वाकोल्याच्या चाळीतला भाडेकरू किंवा पेन्शनवर जगणारी विधवा वकिलावर नियंत्रण ठेवते, हे प्रत्यक्ष अनुभवाशी जुळत नाही. ती वकालतनाम्यावर सही करते आणि पुढची तारीख विचारते. तरीही कायदा आज हाच आहे. वांद्र्याच्या ग्राहक आयोगात वकिलाविरुद्ध तक्रार चालणार नाही.

फौजदारी मार्ग अगदी अरुंद आहे. पक्षकाराच्या पैशांची अफरातफर असेल, तर फौजदारी विश्वासघाताचे कलम, भारतीय न्याय संहितेचे ३१६ वे, लागू शकते. त्यात मुखत्यार आणि प्रतिनिधीसाठी अधिक कडक शिक्षा सांगितली आहे. पण चुकीचा अहवाल म्हणजे गुन्हा नव्हे. हैदराबादच्या एका बँकेने गृहकर्जे देताना ज्यांच्या शोध अहवालांवर विसंबून पैसे दिले, त्या वकिलाला सीबीआयने कटात आरोपी केले होते. ‘सीबीआय विरुद्ध के. नारायण राव’ या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरचा खटला रद्द झालेला कायम ठेवताना म्हटले की हयगय सिद्ध झाली तर भरपाईचा दावा किंवा शिस्तपालनाची कारवाई होईल; कटात सामील असल्याचा पुरावा नसेल, तर नुसत्या चुकीवरून वकील गुन्हेगार ठरत नाही. पुनर्विकासातला फ्लॅट घेणाऱ्यांच्या हातात असे अहवाल असतातच. अहवाल बँकेच्या वकिलाचा असेल, तर तो बँकेसाठी केलेला असतो, ही गोष्ट घेणाऱ्याने विसरू नये. आपला शोध आपल्या वकिलाकडून करून घेतला, तरच त्याची जबाबदारी आपल्याशी जुळते.

उरते दिवाणी कोर्ट. वकील जिथे राहतो किंवा काम करतो, किंवा जिथे हयगय घडली, तिथे दावा लागतो. सांताक्रूझच्या माणसासाठी ते बहुधा मुंबई शहर दिवाणी न्यायालयाचे दिंडोशीचे किंवा फोर्टचे दालन असेल. या न्यायालयाची आर्थिक मर्यादा २०२४ पासून १० कोटी रुपये आहे. कोर्ट फी मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात भरावी लागते. महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा २०१८ मध्ये तीन लाखांवरून दहा लाखांवर गेली. हा खर्च आधी करावा लागतो आणि निकालाला वर्षे लागतात. अमेरिकेत वकील ‘जिंकलात तर वाटा’ या बोलीवर असे दावे घेतात, त्यामुळे गरीब पक्षकारही कोर्टात पोचतो. भारतात अशी बोली बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. तो नियमही जुनाच आणि त्याला मुंबईचाच इतिहास आहे: वसुलीतला अर्धा वाटा घेण्याचा १९५२ चा करार केल्याबद्दल एका ज्येष्ठ वकिलाला मुंबई उच्च न्यायालयाने सहा महिन्यांसाठी काम करायला बंदी केली, आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच कडकपणा दाखवला. पक्षकाराचा दावा हा वकिलाचा धंदा होऊ नये, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. पण त्याची किंमत पैसे नसलेला पक्षकार मोजतो. इंग्लंडमधल्या सॉलिसिटरला आणि अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या वकिलाला हयगयीचा विमा काढावाच लागतो; भारतात अशी सक्ती नाही. त्यामुळे हुकूमनामा मिळाला तरी तो वकिलाच्या मिळकतीतूनच वसूल करावा लागतो. ही सक्ती आणणे हे आज पक्षकाराच्या आणि प्रामाणिक वकिलाच्याही हिताचे आहे. ज्यांना फी परवडत नाही, त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो.

पुराव्यात वजन कागदांचे. वकालतनाम्याची प्रत, फीच्या पावत्या, रोजनाम्याची प्रमाणित नक्कल, पाठवलेली पत्रे आणि मोबाइलवरचे संदेश यांतून कोणत्या तारखेला काय सांगितले गेले ते ठरते. वकिलाशी झालेले बोलणे गोपनीय असते, पण ती गोपनीयता पक्षकाराच्या रक्षणासाठी आहे. तो स्वतः ते कोर्टापुढे ठेवू शकतो. दावा करारभंगावर उभा करायचा की हयगयीच्या अपकृत्यावर, याचाही विचार आधीच व्हावा. कर्नाटकातल्या ‘एम. वीरप्पा विरुद्ध एव्हलिन सिक्वेरा’ या १९८८ च्या प्रकरणात वकिलावर दावा लावणारा पक्षकार दावा चालू असतानाच वारला. वारसांना तो पुढे चालवता येईल का, हे सर्वोच्च न्यायालयाने दाव्याच्या पायावर सोडले: व्यक्तिगत इजेचा दावा माणसाबरोबर संपतो, करारभंगामुळे मिळकतीला झालेल्या नुकसानीचा दावा वारसांकडे जातो. वयस्कर पक्षकाराच्या बाबतीत हा मुद्दा अर्जाच्या पहिल्या पानापासून महत्त्वाचा.

मुदत तीन वर्षांची. करारभंगाच्या दाव्यात ती करार मोडल्या दिवसापासून धावते. प्रतिनिधीच्या हयगयीच्या दाव्यात हयगय कळल्यापासून. कोणता दिवस धरला जाईल याचा भरवसा नसल्याने आधीची तारीख धरून चालणेच सुरक्षित. ग्राहक आयोगात प्रामाणिकपणे घालवलेला काळ मुदतीतून वगळून मागता येतो. बार कौन्सिलकडे तक्रार केल्याने मात्र ही तीन वर्षे थांबत नाहीत. दिवाणी दावा त्या तक्रारीची वाट न पाहता मुदतीतच लावावा लागतो.